सावलीतली भाजी: कमी उन्हाच्या जागेत पिकवायला शिकताना

इमारतीच्या मागची बाजू, दोन भिंतींमधली बोळ, मोठ्या झाडाखालचा तुकडा. अशा जागेत दिवसाचे जेमतेम दोन-चार तास ऊन येतं, म्हणून बहुतेक लोक तिथे तुटक्या बादल्या आणि उरलेल्या फरश्या रचून ठेवतात. मला हे फार खटकतं. तिथे टोमॅटो लागणार नाहीत हे खरं. पण पालेभाज्या, पुदिना, आलं, हळद यांचं अशा जागेत उत्तम चालतं, आणि कडक उन्हाळ्यात तर मोकळ्या वाफ्यापेक्षा सावलीतली कोथिंबीर जास्त दिवस टिकते. अट एकच. उन्हाचा हिशेब आधी, बियाणं नंतर. नवखा माणूस नेमकं उलटं करतो: आवडीचं बी आणतो, पेरतो, आणि मग रोपं का सुकली याचा विचार करत बसतो.

पहिली पायरी: ऊन मोजा

आभाळ निरभ्र असेल असा एक दिवस निवडा. जागेचा साधा आराखडा कागदावर काढा आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला थेट ऊन कुठपर्यंत आलंय त्याची रेघ ओढा. दिवसअखेर कोणत्या कोपऱ्याला किती तास मिळाले ते समोर दिसेल. सहा तास किंवा जास्त थेट ऊन म्हणजे पूर्ण उन्हाची जागा, तीन ते सहा म्हणजे अर्धसावली, आणि तीनपेक्षा कमी म्हणजे सावली. पानांच्या जाळीतून दिवसभर हलती उन्हं पडत असतील तर ती जागा साधारण अर्धसावलीत धरा.

केवळ नजरेवर विसंबू नका. आपले डोळे कमी-जास्त प्रकाशाला इतके पटकन सरावतात की मोकळं ऊन आणि दाट सावली यांतला वीसपटींचा फरकही आपल्याला थोडासाच वाटतो. भरदुपारी थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो. वर आभाळ मोकळं असलेल्या सावलीत तो १० ते २० हजारांवर येतो, आणि उंच इमारतींच्या फटीत किंवा दाट झाडाखाली दोन-चार हजारांपर्यंतही उतरतो. मोबाइलवर लक्स मोजणारी मोफत ॲप मिळतात. ती तंतोतंत नसतात, पण दोन कोपऱ्यांची तुलना करायला पुरेशी आहेत. माझा अंदाज असा: भरदुपारी ५ हजार लक्सच्या खाली असलेल्या आणि थेट ऊन अजिबात न येणाऱ्या जागेत भाजी लावू नये. तिथे नेचे आणि शोभेची झाडं लावावीत.

एका दिवसाचं मोजमाप वर्षभर चालत नाही. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या, आसपास भरदुपारी सूर्याची उंची ९० अंशांतून आपला अक्षांश वजा केला की मिळते. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी त्यातून आणखी साडेतेवीस अंश कमी होतात. म्हणजे २० अक्षांशावर त्या दिवशी दुपारचा सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर असतो आणि १० फुटी भिंतीची सावली साडेनऊ फूट पडते. ४० अक्षांशावर तीच सावली २० फुटांवर जाते. त्यामुळे उन्हाळ्यात उजळ वाटणारा वाफा हिवाळ्यात पूर्ण झाकला जाऊ शकतो. याच्या उलटही घडतं: पानगळीच्या झाडाखालची जागा झाड निष्पर्ण झालं की उन्हाने भरून जाते, आणि ते दोन-तीन महिने पालक-लेट्यूससाठी सोन्यासारखे असतात. निदान प्रत्येक ऋतूत एकदा तरी आराखडा नव्याने काढा.

ऊन सकाळचं आहे की दुपारचं, हेही टिपून ठेवा. तास सारखेच असले तरी कोवळ्या पानांना सकाळचं ऊन मानवतं. दिवसभर सावलीत वाढलेल्या पातळ पानावर एकदम दुपारचा कडक पट्टा आला तर ते करपतं.

दुसरी पायरी: सावली कोणाची आहे ते ओळखा

भिंतीची सावली आणि झाडाची सावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तास मोजणारेही हा फरक लक्षात घेत नाहीत.

भिंत थेट ऊन अडवते, पण आभाळाचा विखुरलेला प्रकाश येऊ देते. त्यात सगळ्या रंगांचा वाटा बऱ्यापैकी शाबूत असतो. झाडाचं पान मात्र प्रकाश निवडून घेतं. लाल आणि निळा भाग स्वतः शोषतं, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूरचा लाल भाग खाली सोडून देतं. मोकळ्या उन्हात लाल आणि दूर-लाल यांचं प्रमाण साधारण सारखं असतं. दाट पानांखाली दूर-लालचं पारडं कितीतरी पटींनी जड होतं. वनस्पतींच्या पेशींतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे प्रमाण ओळखतं. दूर-लाल वाढलं की वर कुणीतरी आपला प्रकाश अडवतंय हे रोपाला कळतं. मग ते पानं जाड करायचं सोडून देठ आणि खोड लांबवत सुटतं. झाडाखालची रोपं सडसडीत, लांबुडकी होऊन आडवी पडतात, याचं मोठं कारण हे आहे. खत वाढवून हा दोष जात नाही, उलट वाढतो.

बियांनासुद्धा हा फरक कळतो. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात लेट्यूसच्या बियांवर प्रयोग झाले. लाल प्रकाश दिला की बी उगवत होतं, पाठोपाठ दूर-लाल दिला की थांबत होतं, पुन्हा लाल दिला की पुन्हा उगवत होतं. शेवटी दिलेला प्रकाश कोणता, त्यावर सगळं ठरत होतं. फायटोक्रोमचा शोध पुढे याच वाटेने लागला. आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे: लेट्यूससारखं बारीक बी झाडाखाली थेट पेरू नका. मोकळ्या उजेडात रोप तयार करा आणि मग खाली आणा.

झाडाखाली आणखी एक झगडा असतो, तो मुळांचा. वरच्या फूट-दीड फूट मातीत झाडाची बारीक मुळं पसरलेली असतात आणि तुम्ही घातलेलं पाणी-खत ती आधी ओढून घेतात. तिथे खणून वाफा करण्यापेक्षा कुंड्या किंवा तळ असलेले पसरट टब ठेवा, आणि टबाखाली दोन विटा द्या, म्हणजे मुळं तळाच्या भोकांतून आत शिरत नाहीत. काळा अक्रोड आणि निलगिरी यांच्या मुळा-पानांतून इतर रोपांना मारक द्रव्यं उतरतात, त्यामुळे त्यांच्याखाली भाजीचा प्रयत्न न केलेला बरा. भिंतीलगत वेगळीच गोष्ट होते: वळचणीमुळे पाऊस तिथे पोचत नाही, आणि भर पावसाळ्यातही भिंतीजवळची माती कोरडी राहते. म्हणून सावली म्हणजे ओल असं गृहीत धरू नका.

तिसरी पायरी: आहे तो प्रकाश वाढवा

यात पैसा फारसा लागत नाही, आणि फरक खरोखर पडतो.

झाड तुमचं असेल तर खालच्या आडव्या फांद्या काढा, म्हणजे तिरपं सकाळ-संध्याकाळचं ऊन आत येतं. एका वेळी पालवीचा चौथा हिस्सा काढलात तरी पुष्कळ झालं. त्याहून जास्त छाटलं की झाड खचतं आणि नंतर फुटव्यांचं रान माजतं. घरटी आहेत का ते आधी बघा. झाड शेजाऱ्याचं असेल किंवा तोडीला परवानगी लागत असेल तर ती घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

समोरच्या भिंतीला पांढरा रंग किंवा चुना द्या. सिमेंटची करडी भिंत पडलेल्या प्रकाशातला जेमतेम तिसरा हिस्सा परत देते, ताजी पांढरी भिंत बहुतेक सगळा देते. याचा लाभ भिंतीपासून दोन-तीन फुटांतच मिळतो, म्हणून कुंड्या जवळ ठेवा. आरसे लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. ते ऊन जसंच्या तसं एका पट्ट्यात फेकतात आणि पान भाजू शकतं. पांढरा रंग प्रकाश सगळीकडे सारखा पसरवतो.

कुंड्या उंचावर ठेवा. कठड्यामागे जमिनीवरची कुंडी सावलीत असते. तीच दोन फूट उंच बाकावर ठेवली तर तासभर ऊन जास्त मिळतं. जड टबांना चाकं लावली तर ऋतूप्रमाणे जागा बदलता येते. पानांवर धूळ साचत असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. मुळात प्रकाश कमी, त्यात धुळीचा पडदा नको.

चौथी पायरी: पीक निवडा

फळ धरायला झाडाला प्रचंड साखर लागते, आणि साखर प्रकाशातून येते. पान वाढवायला त्या मानाने कमी लागते. म्हणून नियम असा: ज्याचं पान खातो ते सावलीत, ज्याचं फळ खातो ते उन्हात, आणि ज्याचा कंद किंवा मूळ खातो ते मधल्या जागेत. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, भोपळा यांना सावलीत लावण्याचा मोह टाळा. झाडं हिरवीगार दिसतील, फुलंही येतील, आणि गळून जातील.

दोन-तीन तास ऊन किंवा दिवसभर चांगला मोकळा उजेड असेल तर पुदिना, पानओवा आणि अळू घ्या. पुदिना जमिनीखालून धावणाऱ्या खोडांनी पसरतो, त्याला स्वतंत्र कुंडीच द्या, नाहीतर शेजारच्या सगळ्यांना गिळतो. अळूला ओल प्रिय आहे. ज्या कोपऱ्यात निचऱ्याचं पाणी झिरपतं तिथेही तो रमतो. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे तो कधीही कच्चा खाऊ नये, आणि लावण्यासाठी खाण्याच्या जातीचाच कंद घ्यावा.

तीन-चार तास मिळत असतील तर निवड एकदम मोठी होते: पालक, लेट्यूस, कोथिंबीर, मेथी, चार्ड, अरुगुला, पार्सली, मोहरीची पानं, पातीचा कांदा, आलं, हळद. कोथिंबीर, पालक, लेट्यूस ही पिकं उष्णता आणि लांब दिवस लागले की चटकन फुलावर येतात आणि पानं कडवट किंवा राठ होतात. सावलीत माती गार राहते, त्यामुळे हे फुलणं लांबतं आणि जास्त दिवस खुडता येतं. आलं आणि हळद या तर मुळात झाडांच्या आडोशाने वाढणाऱ्या वनस्पती. बागांमधून त्या इतर झाडांमध्ये आंतरपीक म्हणून लावतात.

चार-पाच तास असतील तर मुळा, बीट, केल, वाटाणा करून बघा. मुळे आणि बीट लहान राहतील, वाटाण्याच्या शेंगा कमी येतील, पण पाला भरपूर मिळेल. तोही खाण्याचाच आहे.

इथे एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. सगळ्या पालेभाज्या सारख्या नाहीत. माठ, राजगिरा आणि घोळ या सी-४ वर्गातल्या वनस्पती आहेत. मका आणि ऊसही त्याच वर्गातले. या वर्गाची प्रकाशसंश्लेषणाची रीत कडक ऊन आणि उष्णता यांसाठी बनलेली आहे आणि मंद प्रकाशात ती महाग पडते. पालक, लेट्यूस, कोथिंबीर सी-३ वर्गातल्या, ज्यांची पानं पूर्ण उन्हाच्या तिसऱ्या ते निम्म्या हिश्श्यातच आपली कमाल गाठू लागतात. म्हणून "पालेभाजी आहे, चालेल" असं म्हणून माठ सावलीत पेरला की तो खुरटतो. गवती चहाही सी-४च. तुळस, रोझमेरी, थाइम यांची अडचण वेगळी: ती जगतात, पण ज्या सुगंधी तेलासाठी लावायची ते उन्हाशिवाय नीट तयार होत नाही.

पाचवी पायरी: माती आणि लागवड

सावलीत माती हळू सुकते, म्हणून निचरा उन्हातल्या कुंडीपेक्षा जास्त हवा. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते पांढरे, हलके खडे), हे मिश्रण मला भरवशाचं वाटतं. कोकोपीट घालायचंच तर थोडं. ते पाणी धरून ठेवतं आणि इथे नेमकं तेच नको असतं. पालेभाजीला ६ ते ८ इंच खोली पुरते. आल्या-हळदीला खोली फूटभर आणि रुंदी त्याहून जास्त हवी, कारण कंद आडवे पसरतात.

पालक, लेट्यूस, चार्ड यांची रोपं तुमच्याकडच्या सगळ्यात उजेडाच्या जागी करा, मग ती खिडकी असो की गच्चीचा कोपरा. चार-पाच खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या बीजपानांनंतरची) आली की सावलीच्या जागी हलवा. बाळपणात प्रकाश मिळाला तर खोड आखूड आणि मजबूत होतं, आणि पुढचा सगळा प्रवास सोपा जातो. कोथिंबीर आणि मेथीला मूळ हलवलेलं खपत नाही, त्या जागेवरच पेरा. धणे पेरण्याआधी हलकेच रगडून दोन फाळ्या करा. लेट्यूसचं बी मातीवर नुसतं टेकवा, वर माती लोटू नका. आल्याचे एक-दोन डोळे असलेले तुकडे करा, कापलेली बाजू एक-दोन दिवस सुकू द्या, मग डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावा.

अंतर पाकिटावर लिहिलंय त्याच्या दीडपट ठेवा. दाटीने लावलेली रोपं एकमेकांवर सावली धरतात, आणि फायटोक्रोमचा खेळ तुमच्याच वाफ्यात सुरू होतो. विरळणी करताना हात आखडू नका. उपटलेली कोवळी रोपं खाता येतात.

सहावी पायरी: पाणी आणि खत

सावलीतली रोपं तहानेने क्वचित मरतात. जास्त पाण्याने मरतात. कमी प्रकाशात पान पाणी कमी उडवतं, माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. मग वरची पानं मलूल होतात, आणि ती बघून माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून वेळापत्रक ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. टोकाला ओल लागली तर आज पाणी नाही. काही आठवड्यांनी कुंडी उचलून वजनावरूनच कळू लागेल. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या, म्हणजे पानं रात्री ओली राहत नाहीत.

खताचा हातही आखडता हवा. प्रकाश कमी असताना नत्र जास्त झालं तर पेशी मोठ्या पण भिंती पातळ अशी लुसलुशीत वाढ होते, जी माव्याला आणि बुरशीला फार आवडते. दुसरी गोष्ट खाण्याशी संबंधित आहे. पान नायट्रेटचं प्रथिनात रूपांतर करतं त्यासाठी प्रकाशातून मिळणारी शक्ती लागते. सावलीत हे काम मागे पडतं आणि पालक, लेट्यूससारख्या पानांत नायट्रेट साठत जातं. म्हणून युरियासारखी झटपट नत्र देणारी खतं इथे नकोत. लागवडीच्या वेळी मातीत मिसळलेलं कंपोस्ट आणि पुढे महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत एवढ्यावर पालेभाजी निघते.

सातवी पायरी: रोगराईवर नजर

ओल आणि मंद वारा हे सावलीचे दोन सोबती, आणि बहुतेक दुखणी त्यातूनच येतात. कोवळी रोपं जमिनीलगत सडून कोलमडली तर पाणी कमी करा, पेर विरळ करा, त्या ट्रेमधली माती पुन्हा वापरू नका. पानांवर पिठासारखा थर दिसला तर ती भुरी. तिला पान ओलं असण्याचीही गरज नसते, सावली आणि कोंदट हवा पुरते. लागलेली पानं काढा आणि झाडांमध्ये वारा खेळेल असं अंतर करा. गोगलगायी रात्री येतात, म्हणून टॉर्च घेऊन रात्रीच वेचा. दिवसा त्या ओल्या फळीखाली किंवा कुंडीच्या बुडाशी लपतात. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर तो जास्त पाण्याचा पुरावा समजा आणि वरचा इंचभर थर पूर्ण वाळू द्या. वाळलेली, पिवळी पडलेली खालची पानं दर आठवड्याला उचला. एवढं नेमाने केलंत तर औषध फवारण्याची वेळ सहसा येत नाही.

आठवी पायरी: खुडणी

इथे सगळं सावकाश चालतं. पाकिटावर तीस दिवस लिहिले असतील तर पंचेचाळीस धरा, थंडीत त्याहून जास्त. वाढ दिसत नाही म्हणून खत घालू नका, आणि रोप पूर्ण वाढायचीही वाट बघू नका. पालक, चार्ड, लेट्यूस यांची बाहेरची पानं हातभर झाली नाहीत तरी काढायला सुरुवात करा, मधला कोंब राखा. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पानं नेऊ नका. पान हेच झाडाचं प्रकाश पकडायचं साधन आहे आणि सावलीत ते भरून यायला वेळ लागतो. शक्यतो दुपारनंतर, संध्याकाळच्या आत खुडा. दिवसभराच्या प्रकाशाने तोवर पानातलं नायट्रेट बरंच उतरलेलं असतं. पुदिना मातीपासून दोन-तीन बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो.

सगळा वाफा एकदम पेरू नका. दर दोन-तीन आठवड्यांनी एक ट्रे नव्या रोपांचा उजेडाच्या जागी तयार होत राहिला, तर खालची दमलेली झाडं काढून तिथे ताजी लावता येतात आणि मंद वाढीची उणीव जाणवत नाही. आल्या-हळदीला मात्र आठ-दहा महिने द्यावे लागतात. पाला पिवळा पडून आडवा झाला की पाणी बंद करा, दोन-तीन आठवड्यांनी कंद काढा, आणि त्यांतले ठसठशीत डोळे असलेले तुकडे पुढच्या लागवडीसाठी कोरड्या, हवेशीर जागी बाजूला ठेवा.